वाळूच्या सिनेमाची हार्ड डिस्क

१

कॉम्प्युटरने त्या दुपारी पासवर्ड विचारलाच नाही.

वहिनीला वाटलं, आपण अजून झोपेतच आहोत. अंगात ताप होता, औषधाची गुंगी होती, आणि कामाच्या खोलीतल्या दिवाणावर ती पांघरूण ओढून दुपारभर पडून राहिली होती. जाग आली तेव्हा खिडकीला धुकं टेकलेलं होतं. समोरच्या इमारतीच्या भिंती विरघळून गेल्या होत्या आणि नुसते दिवे अधांतरी लटकत होते. तिने सवयीने हात लांबवून मशीन चालू केलं, तर पडद्यावर एक स्वच्छ निळं आकाश उगवलं. ते तिचं नव्हतं. आकाशाच्या डाव्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत नाव लिहिलेलं एकच फोल्डर होतं, ‘जुनं’. तिने ते उघडलं. आत काहीच नव्हतं.

काय गेलं ते कळायला आधी वहिनीचं काम कळायला हवं. ती वाळूचे सिनेमे करायची. खालून उजेड सोडलेली मोठी काच, काचेवर चाळलेली बारीक वाळू, आणि वाळूत फिरणारं तिचं बोट. चित्र झालं की वरच्या कॅमेऱ्याने फोटो काढायचा, मग तेच चित्र जरासं पुसून, जरासं सरकवून पुढचं करायचं. मागचं पुसल्याशिवाय पुढचं होतच नाही. अशा हजारो चित्रांतून एक बाई झोपलेल्या शहरात आपली सावली शोधत हिंडत होती. ओळखीच्यांची मुलं शाळा संपवून नोकरीला लागली, तरी ती हिंडतच होती. आता कुठे तिला सावली सापडायची वेळ आली होती.

काचेवर त्यातलं काहीच उरलं नव्हतं. जे होतं ते त्या मशीनच्या हार्ड डिस्कवर. दुसरी प्रत होती, पण ती ठेवलेली बाहेरची डिस्क उन्हाळ्यात बंद पडली, आणि नवी प्रत ‘उद्या नक्की’ म्हणता म्हणता राहून गेली. कामात कुणाची लुडबूड नको म्हणून मशीनला इंटरनेटसुद्धा जोडलेलं नव्हतं.

पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय, ते वहिनीला त्या दिवशी समजलं.

दिवेलागणीला दादा घरी आला. दादा म्हणजे तिचा नवरा. पियानो सुरात लावून देणं हा त्याचा व्यवसाय. वहिनी दारातच उभी होती.

“माझा सिनेमा नेला कुणीतरी,” ती म्हणाली. आवाज अगदी शांत होता. “ज्याने हे केलं ना, त्याचं तोंड मला जन्मात बघायचं नाही.”

 खांद्यावरची अवजारांची पिशवी खाली ठेवायचंही दादाला सुचलं नाही.

पुढच्या दिवशी वहिनीने आपल्या नणंदेला, दादाच्या धाकट्या बहिणीला, फोन लावला. दुसऱ्या शहरात बंद पडलेल्या डिस्कमधून हरवलेल्या गोष्टी परत काढून द्यायची तिची प्रयोगशाळा होती. लोक मेलेल्या डिस्क छातीशी धरून यायचे आणि बाकावर पेशंटच्या नातेवाइकांसारखे बसायचे, म्हणून तिचं नाव पडलं होतं वैद्यबाई. घरचेही तेच म्हणत.

“मशीन बंद कर, आणि कुणाला हात लावू देऊ नकोस,” वैद्यबाई म्हणाल्या. “त्या दुपारी घरात कोण होतं?”

“मी होते, पण झोपलेली. आणि...” वहिनी घुटमळली. “आणि बाबा होते. तू येच. हे फोनवर बोलण्यासारखं नाही.”

२

वाटभर धुकं होतं. स्टेशनं येत आणि नावं न सांगता निघून जात. वैद्यबाई खिडकीशी डोकं टेकून बसल्या होत्या आणि एकच प्रश्न त्यांच्या डोक्यात घोळत होता. चोराला डिस्क न्यायची तर त्याने नुसती काढून न्यावी. जाता जाता नवी डिस्क बसवून, तिच्यावर ऑपरेटिंग सिस्टीम चढवून, मशीन नीट चालू करून देणारा चोर कोण?

घरी पोचल्यावर त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. खोलीत वाळूचा वास होता, उन्हात तापून निवलेल्या अंगणासारखा. काचेखालचा दिवा चालू होता. त्याचा पिवळसर उजेड छतावर पडून हळूहळू हलत होता, जणू खोली पाण्याच्या तळाशी होती.

“नवी डिस्क मीच आणून दिली होती,” खुर्चीत ऐसपैस बसलेल्या बाई म्हणाल्या. या वहिनीच्या मैत्रीण आणि सिनेमाच्या निर्मात्या. त्या बोलत कमी आणि हुकूम जास्त सोडत, म्हणून सगळे त्यांना ‘सरकार’ म्हणत. “प्रत काढून ठेव, प्रत काढून ठेव, सांगून जीभ झिजली माझी. ही बया ऐकेल तर शपथ! पाकीट तसंच या खणात पडून होतं.”

“आणि घराची किल्ली?”

“आमच्या तिघांकडे, आणि सरकारांकडे,” वहिनी म्हणाली. “कुलूप कुणी तोडलेलं नाही.”

वैद्यबाईंनी मशीनचं झाकण उघडलं. स्क्रू सगळे जागच्या जागी, एकाच्याही डोक्यावर ओरखडा नाही. नवी डिस्क व्यवस्थित बसवलेली. तिच्या आणि पत्र्याच्या मधल्या फटीत जाड लोकरी कापडाचा लाल तुकडा खोचलेला होता, करंगळीएवढा. आणखी एक गोष्ट होती. डिस्क जोडायची एक जादा केबल मशीनमध्ये खोचलेली होती, पण तिचं दुसरं टोक मोकळंच लोंबत होतं.

वैद्यबाईंनी ते टोक बोटांत धरलं आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. मग लाल तुकडा चिमटीने काढून पर्समध्ये टाकला. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. स्वतःलाही नाही.

“स्क्रीन बघून घ्या तुम्ही,” सरकार म्हणाल्या. “अक्षरं केवढाली! आवाजही बंद. मी तर तेव्हाच म्हटलं, ही कुणाच्या तरी अधू डोळ्यांसाठी मोठी करून घेतलेली दिसतात. आणि कानांनीही कमी...” बोलता बोलता त्यांनी जीभ चावली.

 दादा खिडकीशी पाठमोरा उभा होता.

तेवढ्यात मागून कापरा आवाज आला.

“शोधत बसू नकोस, पोरी. ते मी केलंय.”

उंबऱ्याच्या पलीकडे बाबा उभे होते.

३

बाबांनी, म्हणजे दादा आणि वैद्यबाईंच्या वडिलांनी, जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. मसुराच्या डाळीएवढे स्क्रू त्यांच्या बोटांना ओळखत असत. आता डोळे मंदावले होते, कानात यंत्र होतं, आणि अलीकडे आठवणही मध्येच हात सोडून पळायची. चष्मा साखरेच्या डब्यात सापडला होता. नळ वाहता राहिला होता. तरी उत्साह दांडगा. वाचनालयात ज्येष्ठांना कॉम्प्युटर शिकवायचे, तिथे ते पहिल्या रांगेत बसत. आणि रोज सकाळी सुनेची वाळू मलमलच्या कापडातून चाळून देणं हे तर त्यांचं हक्काचं काम होतं.

आता ते उंबरा ओलांडत नव्हते. वैद्यबाईंच्या ते लक्षात आलं.

“आत या ना, बाबा.”

“नको. मी बाहेरच बरा.”

त्या त्यांना घेऊन पलीकडच्या खोलीत बसल्या. टेबलावर घड्याळदुरुस्तीची पेटी नव्हती. दादाने ती माळ्यावर ठेवली होती. हात कापतात, उगीच काही लागेल, असं कारण सांगून.

“कसं केलंत, बाबा? सांगा मला.”

“कसं म्हणजे? डिस्क काढली, नवी बसवली. अक्षरं मोठी केली. आवाज बंद केला.” त्यांनी शिकलेला धडा म्हणावा तसं सांगितलं.

“आणि जुनी डिस्क?”

 बाबांचे हात मांडीवर काहीतरी शोधत राहिले.

“तेच तर आठवत नाही,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “सगळं घर धुंडाळलं मी. पिठाचे डबे पाहिले, गादीखाली पाहिलं. मला तर डिस्क काढल्याचंही आठवत नाही गं. पण मीच असणार. दुसरं कोण? दादाला मी विचारलं, अरे, मी केलं असेन का? तो म्हणाला, होऊ शकतं.”

“दादा असं म्हणाला?”

“बिचारा काय म्हणणार! माझ्या डोक्याला भोक पडलंय, पोरी. आज सुनेची डिस्क गळाली, उद्या तुम्ही गळाल त्यातून.”

 वैद्यबाई उठल्या, बाबांचा हात धरून त्यांना कामाच्या खोलीत घेऊन आल्या आणि मशीन चालू केलं. लाल तुकडा आता फटीत नव्हता. डिस्क फिरायला लागली तसा पत्रा थरथरला, आणि बरणीत अडकलेल्या माशीसारखा एक चिवट, बारीक गुणगुणाट खोलीभर पसरला. वहिनीने कपाळाला आठ्या घातल्या. दादाचा तर जबडाच आवळला गेला.

बाबा शांतपणे छतावरचा हलता उजेड बघत होते.

“काही ऐकू येतंय, बाबा?”

“काय? कुठे? काही वाजतंय का?”

वैद्यबाईंनी मशीन बंद केलं. बाबांना गुणगुणाट ऐकूच आला नव्हता. मग तो थांबवण्यासाठी फटीत कापड खोचलं कुणी?

४

“मला चोरायचीच असती ना,” सरकार जिना उतरता उतरता म्हणाल्या, “तर मी डिस्क उचलली असती आणि सरळ गाडीत बसले असते. कुणीतरी हा सिनेमा तिच्या हातून ओढून घ्यायला हवाच होता. पण नवी डिस्क बसवून आत सगळी मांडामांड करत बसायला मला वेडबिड लागलंय का? मला टीव्हीचा रिमोट धड चालवता येत नाही.”

“त्या दुपारी कुठे होतात?”

“दातांच्या डॉक्टरकडे. तोंड उघडं होतं आणि बोलता येत नव्हतं. असा दिवस माझ्या आयुष्यात पुन्हा न येवो.”

वैद्यबाईंना हसू आलं. त्यांनी सरकारांना जाऊ दिलं.

वर वहिनी दिवाणावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. धुक्यातून गाळून आलेला उजेड तिच्या चेहऱ्यावर होता. ती जागी होती, पण पूर्ण जागी नव्हती. गेले काही दिवस ती अशीच होती.

“त्या दुपारचं काहीतरी आठवत असेल, वहिनी. अगदी काहीही चालेल.”

“स्वप्न आठवतंय. त्याचा काय उपयोग?”

“सांग तरी.”

“घड्याळ होतं एक. ते माझ्या स्वप्नात बरेच दिवस येतंय. दुपारी डोळा लागला की कुठेतरी टिकटिक सुरू होते. नीट नाही, अडखळत. टिक, टिक, मग थांबते, मग परत. त्या दिवशी ती खूप जोरात होती. मग कुणीतरी आलं आणि घड्याळाचं दार उघडलं. माझ्या कपाळावर हात ठेवला.” तिने स्वतःच्या कपाळाला हात लावला. “थंड होता. पुढे बराच वेळ काहीच नाही, नुसतं पांढरं. मग टिकटिक परत ऐकू आली, आणि एकदम थांबली. पुन्हा झालीच नाही. मला स्वप्नात वाटलं, आता मी कधी उठणारच नाही.”

“मशीन चालू ठेवून झोपायचीस तू?”

“नेहमीच. का गं?”

वैद्यबाई उठून खिडकीशी गेल्या. ही टिकटिक त्यांच्या रोजच्या ओळखीची होती. डिस्क मरायला टेकली की आतला, माहिती वाचणारा काटा जागा शोधत धडका देत राहतो, आणि अगदी असाच अडखळता आवाज येतो. म्हणजे वहिनीची डिस्क बरेच दिवस शेवटच्या घटका मोजत होती. तिने तो आवाज ऐकला होता, पण झोपेत. जागेपणी तो कुणीतरी दुसऱ्यानेच ऐकला होता.

लोंबणाऱ्या केबलचं टोक त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. आणि ते रिकामं फोल्डर.

“ही चोरी नाही, वहिनी,” त्या म्हणाल्या. “कुणीतरी अर्धवट सोडून दिलेलं काम आहे हे.”

“कुणी?”

 वैद्यबाईंनी शाल उचलली.

“दादा त्या दिवशी कुठल्या हॉलमध्ये पियानो लावत होता?”

५

हॉल रिकामा होता. उंच खिडक्यांतून दुपारचा उजेड खुर्च्यांच्या रांगांवर पडला होता. रंगमंचावर काळा पियानो उभा होता, पाणी प्यायला आलेल्या जनावरासारखा, मान खाली घालून.

“कुलूप मी उघडून देतो, पण वाजवू नका हं,” राखणदार म्हणाला. “परवा कार्यक्रम होता, तो पुढे ढकलला. वाजवणाऱ्या बाई रुसून गेल्या.”

“का बरं?”

“मला काय कळतंय त्यातलं!” आणि तो पंखे पुसायला निघून गेला.

दादा म्हणाला होता, तो दिवसभर इथे होता. वैद्यबाईंनी डावीकडची एक पट्टी दाबली. खोल, गोल सूर उमटला आणि हॉलच्या टोकापर्यंत चालत गेला. पुढची दाबली, त्याच्या पुढची. एकेक सूर घासूनपुसून ठेवल्यासारखा स्वच्छ होता. मधोमध आल्यावर बोट थबकलं. तिथून पुढे सूर फाटायला लागले. अगदी उजवीकडे तर नुसती काचांची खळखळ.

अर्धा पियानो लागलेला होता. अर्धा तसाच होता.

लहानपणी एकाच पियानोवर दोघं भावंडं बसायची. ती चुकली की दादा हसायचा नाही. नुसते डोळे मिटून घ्यायचा, सुई टोचल्यासारखे. चुकीचा आवाज त्याला खरोखरच दुखायचा.

वैद्यबाईंनी पियानोचं वरचं झाकण उचललं. तारांच्या रांगेत जाड लोकरी कापडाची लांब लाल पट्टी आत-बाहेर विणलेली होती. एक तार लावताना शेजारच्या तारा गप्प बसाव्यात म्हणून ती घालतात. काम संपलं की काढून न्यायची असते. ती तशीच राहिली होती.

त्यांनी पर्समधला तुकडा काढून शेजारी धरला.

ओळखायला त्यांना तुकड्याची गरज नव्हती. मशीनचं झाकण उघडलं तेव्हाच त्यांना कळलं होतं. इतका वेळ त्या दुसऱ्या कुणाला तरी शोधत होत्या, कारण त्यांना दुसरं कुणीतरी हवं होतं.

त्यांनी पियानोचं झाकण हलकेच मिटलं.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सगळ्यांना कामाच्या खोलीत बसवलं. बाबा उंबऱ्याशी अडले, तेव्हा वैद्यबाईंनी त्यांना हाताला धरून आत आणलं आणि अगदी स्क्रीनसमोरच्या खुर्चीत बसवलं.

“बाबा, ही अक्षरं तुम्ही मोठी केलीत?”

“केली असणार.”

“बघा आता.” त्यांनी एक पेनड्राइव्ह लावला. “मशीन नवं कोरं केलं की त्याला आपल्याला कुठला पडदा जोडलाय हेच कळत नाही. त्याची ओळख करून देणारा एक छोटा प्रोग्राम असतो, ड्रायव्हर. तो चढवेपर्यंत मशीन सगळं मोठं मोठं, ढोबळ दाखवतं. स्पीकरचंही तसंच, म्हणून आवाज बंद.”

पडदा काळा झाला, परत उजळला. अक्षरं आक्रसून नेहमीएवढी झाली होती. स्पीकरमधून टिंग असा आवाज आला.

“कुणी काही मोठं केलेलं नव्हतं, बाबा. कुणी आवाज बंद केलेला नव्हता. नवीन मशीन असंच असतं. अधू डोळ्यांचा आणि कानांचा इथे काही संबंध नाही.”

सरकारांनी पदराने, नसलेला घाम पुसला. बाबा नुसते बघत राहिले.

“आता दुसरं. डिस्क मरत होती. तिची टिकटिक वहिनीच्या स्वप्नात शिरली होती. ज्याला ती जागेपणी ऐकू आली, त्याला कळलं की हिला वाचवायचं तर सगळं नव्या डिस्कवर उतरवून घ्यायला हवं. ते कसं करतात? नवी डिस्क बसवायची. तिच्यावर ऑपरेटिंग सिस्टीम घालायची. मग जुनी डिस्क जादा केबलने शेजारी जोडायची, आणि एक फोल्डर करून जुनं सगळं त्यात ओतायचं. ते फोल्डर कुणी आपल्याला चिडवायला ठेवलेलं नव्हतं, वहिनी. ते भरायचं होतं. पण जुनी डिस्क जोडली आणि ती त्याच क्षणी गेली. टिकटिक एकदम थांबली म्हणालीस ना, ती तेव्हा.”

“कोण?” वहिनीने विचारलं.

“नवी डिस्क पत्र्याला लागून गुणगुणत होती. घाईत, भीतीत, इतकं मोठं काम करत असतानाही त्या माणसाला तो गुणगुणाट सोसवला नाही. त्याने फटीत हे खोचलं.” वैद्यबाईंनी लाल तुकडा उजळलेल्या काचेवर, वाळूच्या मधोमध ठेवला. “बाबांना तो आवाज ऐकूच येत नाही. त्यामुळे बाबा नव्हते. बाबांची आठवण इथे चुकलेली नाही. न केलेली गोष्ट त्यांना आठवणार कशी?”

नाव घ्यायची वेळ आली, आणि त्यांची जीभ उचलेना.

बाबा पुढे वाकले. तुकडा त्यांनी बोटांत घेऊन चाचपला. त्यांचा चेहरा, ओळखीची वस्तू सापडल्यासारखा, उजळला.

“अरे, हे तर पियानोतलं,” ते म्हणाले.

मग काय बोललो ते त्यांचं त्यांनाच कळलं, आणि त्यांनी तो तुकडा पटकन मुठीत लपवला.

दादा भिंतीशी उभा होता. त्याने खांद्यावरची पिशवी उतरवली. हातोड्या, किल्ल्या, पट्ट्या बाजूला सारून तळातून रुमालात गुंडाळलेली एक वस्तू काढली आणि बहिणीच्या हातात दिली.

“रोज बरोबर घेऊन हिंडतोय,” तो म्हणाला आणि बायकोकडे वळला. “तुला ताप होता, म्हणून मी हॉलमधून लवकर निघालो. तू झोपली होतीस. आणि ती इतकी जोरात वाजत होती... मला वाटलं, तू उठायच्या आत प्रत तयार ठेवू. तू हसशील. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, उद्या. जुनी परत जोडली आणि ती माझ्या हातात गेली. तू कूस बदललीस, आणि मी घाबरून झाकण लावलं नि पळालो. संध्याकाळी सांगणारच होतो. दार उघडलं, तर तू म्हणालीस...”

“मी काय म्हणाले ते माहीत आहे मला,” वहिनी म्हणाली.

“माझ्याकडे का नाही आलास?” वैद्यबाईंनी विचारलं. “या कामासाठी लोक माझ्याकडे कुठून कुठून येतात.”

“तू तिच्याशी खोटं बोलली नसतीस.”

“आणि बाबा?” वहिनी उठून उभी राहिली. तिचा ताप उतरला होता, आणि तिचे डोळे कित्येक दिवसांनी पुरते जागे होते. “ते पिठाचे डबे उपसत होते रे. तू बघत होतास.”

दादाने मान खाली घातली. “मला वाटलं... ते विसरून जातील.”

७

वैद्यबाई डिस्क घेऊन गेल्या आणि तिच्याजवळ बसल्या. आतले काटे चिकटून बसले होते. त्याच जातीची दुसरी डिस्क शोधून तिचे काटे काढले, या डिस्कला बसवले, आणि मग एकेक चित्र पाण्यातून वर यावं तसं वर यायला लागलं. बाई, रस्ता, झोपलेली घरं. जवळजवळ सगळं आलं. बाई पूल ओलांडते तेवढा भाग मात्र कायमचा गेला. वहिनीने तो परत केला नाही. सिनेमात त्या ठिकाणी नुसती उजळ काच दिसते, आणि मग बाई पलीकडच्या काठावर असते. सरकारांनी कपाळाला हात लावला, आणि मग शेवटपर्यंत बघून झाल्यावर त्या कितीतरी वेळ काही बोलल्या नाहीत. दातांच्या डॉक्टरनंतर पहिल्यांदाच.

दादाला वहिनीने घराबाहेर काढलं नाही.

“डिस्कचं मी विसरेन,” ती म्हणाली. “तुझं तोंड बघायचं की नाही, तेही नंतर ठरवू. आधी तू बाबांच्या तोंडाकडे बघून सांगायचंस. ते विचारतील तितक्या वेळा.”

कारण बाबा विचारत होते. कुणी केलं ते त्यांना समजावून सांगितलेलं त्यांच्या डोक्यातून निसटायचं. आपल्या हातून मोठं नुकसान झालं, ही धास्ती मात्र जाता जात नव्हती. सकाळी उठले की त्यांचा पहिला प्रश्न तोच असे. “मीच केलं ना रे ते?”

दादा त्यांच्यासमोर बसे. त्यांच्या कानातलं यंत्र नीट बसवी. म्हणे, “नाही बाबा. मी केलं. आणि तुमच्यावर ढकललं.”

बाबा दर वेळी तितकेच चकित होत. मग त्याच्या पाठीवर हात फिरवून म्हणत, “असू दे, असू दे. तू काय मुद्दाम करणारेस होय?” रोज ते त्याला नव्याने माफ करत, आणि रोज दादाला ते ऐकून घ्यावं लागे.

वैद्यबाई पुढे एकदा सकाळच्या गाडीने आल्या, तेव्हा कामाच्या खोलीचं दार उघडं होतं. वहिनी काचेवर नवं काहीतरी करत होती. काचेच्या दिव्यात वाळूची बारीक धूळ तरंगत होती. खिडकीशी बाबा मलमलच्या कापडातून वाळू चाळत होते, आणि दादा त्यांच्यासमोर बसून वाट बघत होता.

बाबांनी काही विचारलं नाही. ते वाळूच्या धारेकडे बघत मजेत काहीतरी गुणगुणत होते. बराच वेळ गेला. दादाने वर पाहिलं, दारातल्या बहिणीकडे, मग बायकोकडे. वहिनीचं बोट वाळूत थांबलं होतं, पण तिने मान वळवली नाही.

“बाबा,” दादा म्हणाला, “ते मी केलं होतं.”

“कुठलं रे?” बाबांनी विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर कसलीही धास्ती नव्हती. त्यांना खरंच काही आठवत नव्हतं.

 दादाने कापडाची दोन टोकं आपल्या हातात धरली, आणि त्यांना पहिल्यापासून सांगायला लागला.